तिघांना घेऊन अमरावतीला

माघ शु. ३, शके १७८६

दौलत गाडीवान अमरावतीला कापूस टाकून परत आला. ओट्यावर बसून पाणी प्याला, मग म्हणाला, "सखारामबुवाचा निरोप हाय. पोराले घेऊन या म्हणते. चार दिवस राहा, अंबादेवीची ओटी भरा, शहर पाहा."

आत काशी भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला.

सखाराम माझ्या धाकट्या बहिणीचा, रुक्मीचा नवरा. पांडूला जन्म देऊन रुक्मी बाळंतपणातच गेली. तेव्हापासून पांडू आमच्याकडं. काशीच्या अंगावर तेव्हा आमची मथी पीत होती. तिचं तोडून याला लावलं. आता पांडूला चौथं लागेल. काशीला माय म्हणतो, मला बा. त्याला दुसरं काही कोणी सांगितलं नाही. सांगायचं नाही असं ठरलंही नव्हतं. राहून गेलं.

दौलतला विचारलं, आणखी काय म्हणाला सखाराम?

"आणखी काई नाई. चांगलं कवेलूचं घर बांधलं त्यानं. नवी बायकोबी बरी दिसली."

माघ शु. ४

काशी दिवसभर कापूस वेचत होती. सांजेला वावरातून आली, ओटीतला कापूस ढिगावर टाकला आणि तिथंच उभी राहून म्हणाली, "काहून बलावते तो? इतक्या वर्षात एकडाव आला. झबलं घेऊन. तेबी लहान झालं होतं."

मी म्हटलं, बाप आहे.

"मंग?"



माघ शु. ५

आईला सांगितलं. ती म्हणाली, "बाप जिता हाय त्याचा. मेला असता तं गोष्ट येगळी होती. बलावलं तं जा लागते."

बोलताना सुपातली तूर निवडत होती. रुक्मीचं नाव निघालं की आई काहीतरी निवडायला घेते. रडत नाही.

माघ शु. ७

ठरलं. काशीनंच ठरवलं. मी म्हणत होतो की पांडूला मी एकटा नेतो, चार दिवसांत परत आणतो. तान्ह्याला घेऊन तू कुठं धुळीत येतेस.

ती म्हणाली, "नेऊ तं तिघायले नेऊ. एकट्याले नेलं तं देऊन टाकल्यासारखं दिसन."

तिघं म्हणजे मथी पाच वर्षांची, पांडू, आणि आमचा नामा, नुकता चालायला लागलेला. असल्या तिघांना घेऊन इतक्या लांब जाणं म्हणजे काय, ते मला उद्यापासून कळेल.

माघ शु. ८

गाडी मिळत नाही. आमचा खटारा आहे, पण उघडा. लेकरांना छताची दमणी पाहिजे. गावात दमणी एकच, पाटलाची. आणि यंदा गावात चाक असलेली प्रत्येक वस्तू कापसाला जुंपली आहे. तिकडं अमेरिकेत लोक आपसात लढताहेत म्हणून आमच्या कापसाला मागणी, असं दौलत सांगतो. लढणारे कोण, कशापायी, कोणाला ठाऊक नाही. पण इकडं बैलांच्या शिंगांना पितळेच्या शेंब्या आल्या.

पाटील म्हणाले, "पोर्णिमेनंतर ने. तवरोक तिच्यात माही सून माहेरी जाऊन येते."

म्हणजे हाताशी बरेच दिवस आहेत. काशीला बरं वाटलं असावं. मलाही.

माघ शु. १०

आज बसून सगळं ठरवलं. ठरवलं म्हणजे काशी बोलत होती, मी हो म्हणत होतो.

उन्हाच्या आत खोलापूर गाठायचं, मुक्काम तिथं. दुसऱ्या दिवशी वलगाववरून अमरावती. मथीला गाडीत मागं तोंड करून बसवायचं नाही, ओकते. नामाला छताच्या बांबूला झोळी. पांडू कुठंही बसेल, पण त्याला घंटाभरानं उतरवावं लागेल, आणि तो लघवीला बसला की मथीनं जवळ उभं राहिलं पाहिजे. नाहीतर करत नाही. मी हसलो. काशी म्हणाली, "हासू नका. हे मी नाही सांगितलं तं कोण सांगन?"

तेव्हा ती मला सांगत नव्हती, असं आता लिहिताना वाटतं. कोणाला सांगायची तयारी करत होती, ते...

दशम्या दुधात भिजवून. लाह्या. भाजलेले हरभरे नकोत, नामा नाकात घालतो. हिंग, वेखंड. लुगड्याच्या घड्या भरपूर, ओलं झालं की बदलायला.

माघ शु. ११

पाटलाची सून परत आली. दमणी रिकामी उभी होती म्हणून आणून अंगणात ठेवली आणि तिघांना बसवून पाहिलं. बैल नाहीत, काही नाही. मथीनं पुढची जागा धरली. पांडू म्हणे तीच माझी. नामा झोळीतून उतरायला बघे. थोड्या वेळात तिघंही रडत होती आणि गाडी जागची हललेली नव्हती.

आई ओट्यावरून म्हणाली, "पोचले का अमरावतीले?"

काशी खूप दिवसांनी हसली.

मथीच्या आणि पांडूच्या कमरेला मऊ पटके बांधून ते गाडीच्या खुंटाला बांधायचे ठरले. पांडूला वाटलं त्यालाच बैल केलं. हंबरू लागला.

माघ शु. १२

शहरात गर्दी फार. यंदा तर म्हणे माणसाला माणूस घासतं. लेकरू हरवलं तर त्याला आपलं नाव-गाव सांगता आलं पाहिजे. म्हणून आज मथी आणि पांडूला समोर बसवून पाठ करून घेतलं.

"तुहं नाव काय?" "मथी."
"गाव?" "बोरखेडी."
"बाचं नाव?" "किसन."

मथीला एकदाच सांगावं लागलं. मग पांडू. नाव सांगितलं, गाव सांगितलं. बाचं नाव विचारलं आणि मी थांबलो. काशीकडं पाहिलं. ती नामाच्या डोक्याला तेल लावत होती. मान वर केली नाही.

पांडूनं वाट पाहिली नाही. ओरडला, "किसन!"

आई आतून म्हणाली, "खरं काय ते शिकव त्याले."

काशी म्हणाली, "हरवला तं तुमी शोधाले जासान का तो अमरावतीवाला जाईन?"

 मी पांडूला म्हटलं, बरोबर. जा खेळ.

माघ शु. १४

पांडूनं सखारामला काय म्हणायचं, यावर काल वाद. मी म्हणालो, हा तुझा बाप असं सरळ सांगू. काशी म्हणाली, गाडीत सांगू. मी म्हटलं, गाडीत मथी ऐकेल, ती गावभर सांगेल. ती म्हणाली, मग परत आल्यावर सांगू. परत आल्यावर सांगायचं तर जायचं कशाला.

शेवटी 'सखाकाका' म्हणायचं ठरलं. तात्पुरतं.

माघ पौर्णिमा

नामाला ताप. दात येताहेत. काशी म्हणते उद्या निघता येणार नाही. मी म्हटलं, परवा निघू. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू परवाचा दिवस मीच बनवला.

माघ व. २

निघालो. ताप उतरला. आईनं वेशीपर्यंत येऊन पांडूच्या गालावरून बोटं फिरवली, कडाकडा मोडली. त्याला म्हणाली, "जेवजो नीट." मथीला काही म्हणाली नाही, तर मथी रुसली.

रस्ताभर कापसाच्या गाड्या. पुढं गाड्या, मागं गाड्या, मधे आम्ही. धूळ इतकी की दुपारी लेकरांच्या पापण्या पांढऱ्या झाल्या. बाजूच्या बाभळींना कापूस अडकलेला, जणू झाडालाच बोंडं आली. मथी म्हणाली, "बा, इथं बाभळीलेबी कापूस लागते?"

ठरवलेलं एकही जमलं नाही. मथी पुढं तोंड करूनही ओकली. पांडू झोळीत झोपला आणि नामा काशीच्या मांडीवरून उतरेना. पूर्णेच्या पात्रात गाड्यांची रांग थांबली होती. तिथं उतरून तिघांना पाण्यात बसवलं. तेवढा वेळ सगळे सुखात होते. नामानं वाळू खाल्ली.

मुक्काम खोलापूर. धर्मशाळेत जागा नाही, कापसाचे गाडीवान भरलेले. एका कोष्ट्याच्या घरानं ओसरी दिली. त्याच्या म्हाताऱ्या बायकोनं विचारलं, तिघंही तुमचेच का? काशी म्हणाली, "हो. तिघंबी."

माघ व. ३

अमरावती. दिवस कलता पोचलो. परकोटाच्या दरवाजात गाड्यांची कोंडी, गाडीवानांच्या शिव्या, उंट, बैल, पालख्या. पांडू माझ्या मांडीवर येऊन बसला आणि माझा अंगठा मुठीत धरला. सोडेचना.

सखारामनं घर खरंच चांगलं केलंय. रुक्मी होती तेव्हा हा माणूस दुसऱ्याचा नांगर हाकायचा. ती गेल्यावर इकडं आला, कापसाच्या बाजारात गाठोडी उचलली. आता एका व्यापाऱ्याकडं मापारी आहे, कापूस काट्यावर घालतो. अंग भरलंय. डोक्याला लाल पागोटं. दारात उभा होता. बैल थांबायच्या आधी पुढं आला, पण लेकरांत पांडू कोणता ते त्याला कळलं नाही. एकदा नामाकडं पाहिलं, एकदा पांडूकडं. मी पांडूला पुढं केलं.

त्यानं उकिडवं बसून विचारलं, "नाव काय रे तुहं?"
"पांडू."
"गाव?"
"बोरखेडी."

पुढचं त्यानं विचारायला नको होतं. पण लेकराला माणूस तेच विचारतो. "अन् बाचं नाव?"

"किसन!" पांडू मोठ्यानं म्हणाला आणि शाबासकीसाठी माझ्याकडं पाहिलं.

सखाराम तसाच बसून राहिला. मग पागोटं नीट केलं, उठला आणि म्हणाला, "चाला, पाय धुवा."

माघ व. ४

सखारामची बायको गोदा. वीस-बावीसची असेल. मला दादा म्हणते, काशीला वहिनी. म्हणाली, "रुक्मीबाईचं माहेर तेच माहं माहेर." रीत आहे तशी. पण रीत म्हणून बोलल्यासारखं वाटलं नाही. तिच्या गळ्यात काळ्या पोतीत चांदीचा टाक आहे, रुक्मीच्या नावाचा. सवतीचा टाक दुसरीनं घालावा लागतो. काशीनं तो पाहिला आणि पदर तोंडाला लावून मागच्या अंगणात गेली.

सकाळी सखाराम आम्हांला बाजारात घेऊन गेला. कापसाचे डोंगर. हवेतसुद्धा कापूस, नाकात जातो. लोक ओरडून ओरडून भाव बोलतात, मग उपरण्याखाली हात घालून बोटांनी ठरवतात. पांडू आणि मथी एका ढिगात कंबरभर बुडाली. कोणी रागावलं नाही. सखारामचा मान आहे तिथं.

त्यानं पांडूला उचलून काट्याच्या पारड्यात बसवलं, दुसऱ्यात कापूस टाकत गेला. पारडं वर उठलं तसा पांडू आधी किंचाळला, मग हसू लागला. "आखीन! आखीन!" भोवती माणसं जमली. एकानं विचारलं, कोणाचं पोट्टं? सखाराम म्हणाला, "माहं. माहा पोरगा हाय."

पांडूनं ऐकलं का नाही, ठाऊक नाही. मी ऐकलं. खोटं काहीच बोलला नाही तो.

माघ व. ५

अंबादेवीला गेलो. काशीनं आणि गोदानं ओटी भरली. देवळात गर्दी. ज्या पटक्यांनी लेकरांना गाडीला बांधलं होतं, तेच आज हाताला गुंडाळून चाललो, मथीचं टोक माझ्याकडं, पांडूचं काशीकडं. परतताना नामा काशीच्या खांद्यावर झोपला, हात भरले, तर पांडूचं टोक तिनं गोदाकडं दिलं. मी मागून पाहत होतो. दोन्ही बायका थोडा वेळ ते टोक धरून होत्या.

जेवताना गोदानं पांडूच्या ताटात भाकर वाढली. तो खाईना. काशी म्हणाली, "त्याले वरचा पापुद्रा काढून दुधात देजा. खालची भाकर तुमी खा." गोदानं तसं केलं. तो जेवला. मग तिच्या मांडीवर चढून गळ्यातला टाक चाचपू लागला. "हे काय हाय?"

गोदानं काशीकडं पाहिलं. काशी म्हणाली, "देव हाय. हळू धर."

माघ व. ६

आज सखारामनं मला ओट्यावर बसवलं. बराच वेळ कापसाचं बोलला. लढाई संपत आली म्हणतात, भाव उतरेल म्हणतात, आगगाडी बडनेऱ्याला येणार म्हणतात. मी हं हं करत राहिलो. दोघांनाही माहीत होतं की बोलायचं हे नाही.

मग म्हणाला, "भाऊ, त्याले ठेवून जा."

मी ओट्यावरचा कापसाचा पुंजका उचलून पिंजत राहिलो.

"तवा मले त्याच्याकडं पाहूच नाही वाटे. त्याच्यापायी रुक्मी गेली असं वाटे. म्हणून आलो नाही. लोक म्हणत बाप कसा हाय. मी काय सांगू? आता तसं नाही वाटत. परवा पारड्यात हासला तं अक्षी तिच्यासारखा दिसला."

म्हटलं, खरं आहे. हनुवटी तिचीच आहे.

"तुमी केलं ते कोणी करत नाही. मी हिसकून नाही घेत. पण माह्या घरी पोरगं असून मी निपुत्रिकासारखा राहू का?"

 म्हटलं, काशीला विचारतो.

"हो, तिलेच विचारा," तो म्हणाला. "माही हिंमत नाही होत."

माघ व. ६, पुढं

काशीला सांगायला गेलो तर तिला माहीत होतं. विहिरीवर गोदानं सांगितलं होतं. गोदाचं दोनदा पोटातच गेलं. ती काशीला म्हणाली, "वहिनी, तुमच्याजवळून ओढून घ्याचं नाही मले. पण याले पाहिलं की मन ऐकून नाही राहिलं."

काशी मला म्हणाली, "वाईट असती तं बरं झालं असतं. मंग भांडता आलं असतं."

माघ व. ७

आज निघायचं ठरलेलं. दमणी जुंपली. मथी आणि पांडू आपापल्या जागी चढून बसली. पुढच्या जागेसाठी भांडलीही. काशी नामाला घेऊन उंबऱ्यात उभी. सखाराम, गोदा बाजूला.  मला वाटलं आता असंच गाडी हाकायची आणि जायचं.

काशी पुढं आली. पांडूचा पटका खुंटाचा सोडला आणि त्याला खाली उतरवलं. मग सखारामला म्हणाली. आजवर ती त्याच्याशी सरळ बोललेली नव्हती.

"भाऊजी, आज याले ठेवून गेली तं हा या दारात उभा राहून रडन, अन् तुमाले वाटन रडते तं रडू द्या. तसं नाही ठेवत. मी राहते. होळीपर्यंत. याले तुमची सवय लागली तं लागली. नाही लागली तं तुमी तुमच्या डोयानं पाह्यसान. मंग ठरवू."

सखाराम काही बोलायच्या आत गोदा म्हणाली, "राहा, वहिनी."

मी काशीला बाजूला घेतलं. म्हटलं, आणि मी? आणि मथी?

"दोघायले सांभाळीन, तिघायले नाही होत परक्या घरी. मथीले बुढीजवळ ठेवा. कापूस वेचाचा हाय, तुमी जा."

हे तिनं कधी ठरवलं? मला वाटतं तिलाही त्याच क्षणी कळलं.

मथीनं रडून गाव गोळा केलं. माय का येत नाही, पांडू का येत नाही, नामा का येत नाही. गाडी चालू लागली तेव्हा पांडू धावत दरवाजापर्यंत आला. त्याला वाटत होतं मथीच कुठं तरी चालली आहे आणि तो मजेत मागं राहतो आहे. हात हलवत होता.

माघ व. ९

काल घरी पोचलो. रस्त्यात एकच लेकरू गाडीत, पण तिघांपेक्षा जड. "पांडू आता काय करत असन?" असं मथीनं किती वेळा विचारलं. पूर्णेत उतरून पाण्यात बसायला सांगितलं तर म्हणाली नको.

आईनं रिकामी गाडी पाहिली.  मथीला कडेवर घेतलं, पाच वर्षांच्या मुलीला. सांजेला मात्र रागावली. "बायकोले जवायाच्या घरी ठेवून आला? लोक काय म्हणतीन?"

म्हटलं, तीच राहिली. मी ठेवली नाही.

"तिले नाही म्हणासाठी तू होता ना तिथं?"

होतो. पण तिला नाही म्हणणं मला योग्य वाटलं नाही. आईला हे सांगितलं नाही.

माघ व. १२

वेचणी चालू. पऱ्हाटी जवळजवळ रिकामी झाली. मथी बांधावर एकटी खेळते आणि दोघांचं बोलते. आधी स्वतःचं, मग आवाज बदलून पांडूचं. आज पांडू तिचं ऐकत नव्हता म्हणून त्याला मारलं तिनं.

माघ व. ३०

दौलत पुन्हा अमरावतीला जाऊन आला. काशीचा निरोप: नामाचे दोन दात वर आले. पांडू दिवसभर गोदाच्या मागं असतो. निजायला काशीजवळ येतो.

दौलतला विचारलं, काशी कशी आहे? म्हणाला, "वाळली थोडी. पण बसून नाही राहत. गोदाबाईले काई काई सांगून राहिली होती. पोट्ट्याले खोकला झाला तं काय द्याचं, कोणत्या अंगावर निजवाचं. ते बाई मान डोलवून ऐकून राहिली होती."

आईनं ऐकलं आणि सूप ओढलं. निवडायला त्यात काही नव्हतं.

फाल्गुन शु. ३

गावात कुजबूज. किसनची बायको अमरावतीला राहिली. विहिरीवर कोणीतरी आईला टोमणा मारला. आई, जी मला इतकं बोलली होती, तिनं त्या बाईला तिथल्या तिथं सुनावलं. "माही सून माह्या नातवाले पोचवाले गेली हाय. तुह्या सुनेनं काय केलं ते सांग."

'पोचवाले' म्हणाली. मला हा शब्द दिवसभर टोचला. परत आणायला गेली आहे असंही म्हणता आलं असतं. पण आईच्या तोंडून जे निघालं ते निघालं.

फाल्गुन शु. ६

दुसरा निरोप, एका अनोळखी गाडीवानाबरोबर. त्याला पाठ करवून पाठवलेला दिसला, सगळं एका दमात बोलला.

"काशीबाईनं सांगितलं हाय. पोरगं आता गोदाबाईजवळबी निजते. कधी तिच्याजवळ, कधी माह्याजवळ. सखाराम त्याले रोज खांद्यावर बाजारात नेते. काल त्याले बा म्हणाला. मंग रडला, म्हणे बोरखेडीचा बा कुठं हाय. मले काई समजून नाही राहिलं. तुमी या."

गाडीवानाला जेवू घातलं. तो जेवत होता आणि मी त्याच्यासमोर बसून तेच पुन्हा सांग म्हणत होतो. शब्द तेच आले. 'तुमी या.'

काशीनं लग्नानंतर मला असं कधी बोलावलेलं नाही.

फाल्गुन शु. ८

उद्या पहाटे निघतो. पाटलांनी दमणी न विचारता दिली. मथी म्हणते ती येणारच. तिला नेतो.

मी मनात योजलं होतं की पांडूलाच विचारायचं. दोन्हीकडं माया मिळाली त्याला, दोन्ही घरं पाहिली. विचारू, कुठं राहतोस बाळा. तो सांगेल ते खरं धरू. हलकं वाटत होतं या विचारानं, एवढे दिवस डोक्यावर असलेलं ओझं खाली ठेवल्यासारखं.

जेवताना आईला सांगितलं. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"त्याले नको विचारू."

म्हटलं, का?

"रुक्मी जिती असती तं मी तिले विचारलं असतं. त्याले नको विचारू. येवढ्याशा जिवानं एका मायले नाही म्हणावं अन् जन्मभर ते ध्यानात ठेवावं. मोठे कायले असतात मंग?"

 मथी म्हणाली, "मले आखीन दूध दे."

आईचं बरोबर आहे. त्याला विचारणार नाही. सखारामला विचारावं तर त्यानं आधीच सांगितलंय. काशीला विचारावं तर ती मलाच विचारायला बोलावते आहे. गोदाला विचारायचा मला हक्क नाही. राहिलो मी. आणि मी तर अजून काही ठरवलेलं नाही; उद्या गाडीत तरी ठरवावं लागेल.